पुढच्या वर्षीचा अर्ज

काका,

गेल्या वर्षी लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत मला जेमतेम गुण मिळाले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आत्ताच अर्ज टाकून मोकळी हो. वकील म्हणून माझी शिफारस जोडतो. पस्तिशीच्या नर्सला पुढच्या वर्षी कोण विचारणार?" मी थांबायचं ठरवलं आणि तुम्ही माझ्याशी बोलणंच टाकलंत.

वर्षभर ड्यूटी सांभाळून अभ्यास केला, परीक्षा पुन्हा दिली. अर्जात तुमचं नाव कुठेच घातलं नाही. काही न वाचताच "सही कुठे करू?" असं विचारणाऱ्या पेशंटांबद्दल लिहिलं. त्यांच्या बाजूनं बोलता यावं, म्हणून मला कायदा शिकायचाय.

आई म्हणाली, "नाही जमलं तर?"

म्हटलं, "इंजेक्शनं द्यायला आहेच की मी!"

आज दुपारी वॉर्डातच निकाल कळला. मी किंचाळले. मेट्रन दटावायला धावत आल्या आणि मलाच मिठी मारून नाचू लागल्या. काका, ज्या कॉलेजानं तुमचा अर्ज दोनदा नाकारला, तिथंच मला प्रवेश मिळालाय!

हे वाक्य लिहिताना फार गोड वाटलं. वाचताना तुम्हाला बोचेल, म्हणून पत्र धाडत नाही. उद्या मीच येते आणि नुसतं "मिळाला" म्हणते. अबोला तेवढा सोडा. वकिलीचा पहिला धडा मला तुमच्याकडूनच घ्यायचाय.

तुमचीच,
हट्टी पुतणी