विरजणाचं फडकं

सौ. रेश्मास,

जोतीरामचा आशीर्वाद. आईला म्हणावं, इथनंच पाया पडतो. मी बरा हाय. सगळ्यांचे फोन जमा करून घेतल्यात, म्हणून ह्ये पत्र. भिऊ नगंस.

तुझा टोमॅटोचा सॉस लय झ्याक झालाय. दोन बाटल्या मी दिवाळीसाठी लंगरात, म्हंजे आमच्या पलटणीच्या सैपाकघरात, पिठाच्या पोत्यामागं दडवल्या हुत्या, पर सुभेदारसाब म्हणाले, "आसतील तेवढ्या आजच उघड." गूळ जरा जास्त पडलाय, तरी जवानांनी बाटल्या बोटानं पुसून खाल्ल्या.

ताकाचं सांगतो. सुट्टीवरनं येताना आईच्या दह्यात बुडवून वाळवलेलं फडकं आणलं हुतं, त्याच विरजणावर आठ महिनं दही लावतोय. रोज घुसळायच्या आधी उद्यासाठी वाटीभर काढून ठेवतो. आज वाटी घेतली तर साब म्हणाले, "ऱ्हाऊ दे, जोतीराम. उद्याचं दही लावू नगंस." मग समद्यांना दोन-दोन गिलास ताक दिलं.

बदली आसंल, दुसरं काय. आपला वीरधवल शाळेत जातोय न्हवं? औंधला यमाईला जाऊन ये.

म्हैस आटल्यावर घरचं विरजण मोडलं, आसं तू मागं म्हणालीस. आता ती व्याली आसंल. म्हणून साबांच्या नकळत चमचाभर दही फडक्याला लावून, चुलीजवळ वाळवून ह्या पाकिटात घातलंय. कोमट दुधात टाक. आईच्या विरजणाचं आता एवढंच उरलंय. सगळं खाऊन संपवू नगा. रोज आधी उद्याचं काढून ठेवत जा.

तुझा,
जोतीराम