अक्षदाच्या पिकअपचे पिवळे लाइट

२ डिसेंबर, मंगळवार

शंतनू, शंतनू, शंतनू! एक चहा संपेपर्यंत अक्षदाच्या तोंडून नऊ वेळा. मोजलं मी.

शंतनू म्हणतो धुक्यात पांढरे नाय, पिवळे पाहिजेत. शंतनू म्हणतो बंपरच्या खालच्या अंगाला बसवायचे. शंतनू म्हणतो रिलेशिवाय वायरिंग करायची नाय. — अगं बाई, हेच मी तुला दिवाळीत सांगितलं होतं! बजाजनगरात, मी काम करतो त्या उस्तादच्या ऑटो-इलेक्ट्रिकच्या दुकानासमोर, याच टपरीवर! तेव्हा काय म्हणाली? "बघू रं हन्या." आता तेच त्यानं मोबाइलमधून सांगितलं की लगेच पटलं.

तिच्या वडिलांच्या, भिकनकाकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांची पिकअप तीच चालवते. पहाटे कायगावकडून मेंढरं नायतर चारा भरून आणायचा, अकराला कॉलेज. नदीच्या अंगाला धुकं पडायला लागलंय. परवा म्हणे स्वतःचं बोनेट दिसत नव्हतं. म्हणून फॉग लाइट.

आणि हा शंतनू पुंडलिकनगरचा. गाडीला काय लावावं, काय लावू नये, याचे व्हिडिओ टाकतो. तिच्याच वर्गात आहे. म्हणजे ज्या वर्गातून मी सरांच्या टेबलावर जर्नल आपटून निघून आलो, त्याच. हे लिहितोय ते त्याच जर्नलचे उरलेले कोरे कागद, नंतर परत आणलेले.

३ डिसेंबर, बुधवार

तो येणार! आमच्या दुकानात! अक्षदाच्या गाडीला लाइट बसवताना शूटिंग करणार. लाइट कंपनीकडून त्याला फुकट मिळालेत, म्हणून तिलाही फुकट. "तुझंबी नाव होईल की रं," म्हणते.

उस्ताद खूश. "मुफत में दुकान मशहूर होता, तेरे बाप का क्या जाता?"

रात्री जेवताना त्याचा एक व्हिडिओ लावला. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "किती गोड बोलतंय पोरगं. कुणाचं हाय?" जेवण गेलं नाय.

४ डिसेंबर, गुरुवार

मांजर व्यायली. दुकानात दुसरी जागाच नव्हती का तिला? नेमकी रेतीच्या गोण्यांवर, चार पिल्लं!

त्या वीस गोण्या म्हणजे उस्तादचा कायदा. पिकअपचे लाइट रिकाम्या गाडीवर सेट करायचे नाहीत. मागं माल भरला की स्प्रिंगचे पाटे दबतात, गाडी बुडावर बसते आणि तोंड वर करते. रिकाम्या गाडीवर रस्त्यावर पडणारा उजेड भरल्या गाडीत समोरच्याच्या डोळ्यात जातो. म्हणून आधी वीस गोण्या मागच्या हौद्यात टाकायच्या, पंचवीस फुटांवरच्या भिंतीवर गेरूची रेघ आहे, उजेडाची वरची कड त्या रेघेखाली आणायची, मग गोण्या उतरवायच्या. कंबर जाते. पण उस्तादच्या हातची गाडी आजवर तक्रार घेऊन परत आली नाय.

५ डिसेंबर, शुक्रवार

पांढरा शर्ट घालून आला. पांढरा! ऑइलच्या दुकानात!

"दादा, नमस्कार!" म्हणे. दादा? तीन महिन्यांनी मोठा असेन मी फार तर. अक्षदानं ओळख करून दिली, "हा हनुमान. फर्स्ट इयरला माझ्यासोबत होता." होता!

काम मी मन लावून केलं, ते कुणी नाकारू नये. बंपरला भोकं, ब्रॅकेट, वायरींना नळी, फ्यूज, रिले, स्टीअरिंगच्या डाव्या हाताला बटण. दीड तास. तो सारखा मोबाइल घेऊन माझ्या डोक्यावर. "दादा, हात जरा बाजूला घ्या ना, लाइट झाकला जातोय." अक्षदा त्याला उजेड धरत होती. मला पाना देणारं कुणी नाय, पण त्याला उजेड!

एक वाजता उस्ताद जुम्म्याच्या नमाजला गेले. जाता जाता म्हणाले, "लोड डालके सेट करना मियाँ, भूलना नक्को."

मागच्या शेडला ताडपत्री सोडून अंधार केला. लाइट लावले. भिंत हळदीसारखी पिवळी झाली. खरंच भारी दिसलं. पण साहेबांचं समाधान नाय. "दादा, कॅमेऱ्यात येत नाहीये. थोडे वर घेता? शूट झालं की तुमच्या हिशेबानं खाली घ्या." घेतले वर. गेरूच्या रेघेच्या चांगले हातभर वर.

शूट झालं. मग दोघं हौद्याच्या फाळक्यावर बसले, एका मोबाइलवर दोन डोकी. तो कायतरी बोलला आणि ती हसली. मान मागं टाकून. ते हसू मला माहीत आहे! फर्स्ट इयरला मी सरांची नक्कल करायचो तेव्हा यायचं ते. तेवढ्यात तिच्या ओढणीला लागलेली गेरू त्यानं बोटानं झटकली आणि तिनं झटकू दिली.

नंतर तिला गाडीपुढं उभं करून काय काय विचारत होता. मी पाठ फिरवून फ्यूजचा डबा आवरत बसलो. कान बंद केले म्हटलं तरी चालेल.

गोण्या टाकायच्या राहिल्या होत्या. त्या दोघांसमोर हमालासारख्या वीस गोण्या वाहायच्या? तो "दादा, दमलात का" म्हणणार आणि ती बघणार? मनात आलं, जाऊ दे. वर करायला त्यानंच लावलेत. त्याचे लाइट, त्याचा व्हिडिओ. फजिती होऊ दे एकदा, म्हणजे कळेल तिला कोण किती पाण्यात आहे.

तिनं स्टार्टर मारला. काचेतून डोकं काढून म्हणाली, "झालं का रं हन्या? जाऊ?"

मी म्हणालो, "जा."

उस्ताद आले. "सेट किया?" मी म्हटलं, "हौ."

६ डिसेंबर, शनिवार

माझा रिव्ह्यू. कुणी विचारला नाय तरी.

काच जाड, खडी उडाली तरी फुटायची नाय. ब्रॅकेटचा पत्रा पातळ, आपल्या रस्त्यांवर महिन्यात हलला असता, म्हणून मी मागून लोखंडी पट्टी दिली. (हे शंतनूला दिसलंसुद्धा नाय.) तोंडाला सिलिकॉन फिरवलं, पाणी शिरणार नाय. उजेड रुंद, रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी दोन्ही बाजूंनी दिसेल. पिवळा रंग डोळ्याला नरम. दहापैकी आठ. बाकी दोन बसवणाऱ्याच्या हातात—

पुढं लिहवेना.

पिल्लांनी डोळे उघडलेले नाहीत. पिल्लं होती म्हणून गोण्या हलवल्या नाहीत, असं म्हणता येईल. कुणी विचारलं तर.

८ डिसेंबर, सोमवार

व्हिडिओ टाकला त्यानं. सात मिनिटांचा. दोन मिनिटं दहा सेकंदांवर ती हसते. तिथंच बंद केला. परत लावला. परत तिथंच बंद केला.

९ डिसेंबर, मंगळवार

अकरा हजार लोकांनी बघितला. पूर्ण बघणार नाय मी. मरेपर्यंत नाय!

११ डिसेंबर, गुरुवार

अक्षदा औरंगपुऱ्यात दिसली, पुस्तकांच्या दुकानासमोर. शेजारी तो. त्याच्या हातात तिची पिशवी. मी गाडीवर होतो, हेल्मेट घातलेलं, ओळखलं नसेल. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारमारून शिव्या द्यायला लागले.

दुकानात येऊन एका ट्रकची वायर इतकी जोरात ओढली की तुटली. उस्ताद म्हणाले, "गुस्सा घर रखके आ, नै तो तू बी घर रह."

संध्याकाळी मेसेज लिहिला. 'अक्षदा, लाइट एकदा दाखवून जा, थोडे खाली घ्यायचेत.' पाठवणार, तेवढ्यात तिच्या स्टेटसला तोच व्हिडिओ दिसला. खाली लिहिलेलं, 'शंतनू, थँक्यू!'

मेसेज पुसला. धुकं अजून कुठं पडलंय तसलं?

१३ डिसेंबर, शनिवार

आई पहाटेच्या पाळीवरून आली. कँटीनच्या कामाला नेणारी कंपनीची बस गेटपाशी येईपर्यंत दिसलीच नाय म्हणाली, इतकं धुकं.

फोन हातात घेतला होता. मग म्हटलं, तो आहे ना तिला सांगायला.

१४ डिसेंबर, रविवार

अपघात झाला.

अक्षदाला काही नाय. काही नाय. काही नाय.

सकाळी सव्वासहा. हौद्यात अठ्ठावीस मेंढरं, बाजाराला चाललेली. समोरून कडुबा दूधवाला मोटरसायकलवर, दोन्ही बाजूंना कॅन. लाइट थेट त्याच्या डोळ्यात. "मला पिवळ्याशिवाय कायच दिसलं नाय," म्हणतो. रस्ता सोडून गाडीसकट खड्ड्यात गेला. डावा पाय मोडला. अक्षदानं अर्धी मेंढरं रस्त्यावर उतरवली, एका पोराच्या हवाली केली, कडुबाला हौद्यात झोपवलं आणि घाटी दवाखान्यात घेऊन गेली. एकटी.

हे सगळं टपरीवर ऐकलं.

त्याची फजिती व्हावी, एवढंच मागितलं होतं मी. कडुबाचा पाय कुठं मागितला होता?

१५ डिसेंबर, सोमवार

शंतनूचा नवा व्हिडिओ. हा पूर्ण बघितला, ह्यात ती नाय म्हणून.

साध्या टी-शर्टात, केस विस्कटलेले. "चूक माझी आहे. शूटसाठी लाइट मी वर करायला लावले. परत खाली घेतले का, ते मी बघायला हवं होतं. बसवणाऱ्या दादांना कृपया काही बोलू नका." खाली लोकांनी त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्यात. तीनशे-चारशे तरी. घाटीतही तोच बसून होता म्हणे रात्रभर.

हेच पाहिजे होतं ना मला? वाचता वाचता एक शिवी अशी वाटली की मीच लिहिली असावी. मोबाइल पालथा ठेवला.

दुकान बंद करताना उस्ताद गोण्यांपाशी उभे राहिले. मांजर पिल्लांना चाटत होती.

"बिल्ली कब से बैठी यहाँ?"

"गुरुवारपासून. चार तारीख."

"एक बार बी उठाया नै उसकू किसी ने."

एवढंच. शटर ओढलं आणि किल्ली माझ्या हातात न देता स्वतःच्या खिशात टाकली. रोज मला देतात.

१६ डिसेंबर, मंगळवार

अक्षदा आली. हौदा चाऱ्यानं भरलेला, मुद्दाम भरून आणलेला. बंपरला खरचटसुद्धा नाय. लाइट जसेच्या तसे, मी दिलेली पट्टीही.

"सेट करून दे," म्हणाली.

भिंतीसमोर गाडी लावली. लाइट लावले. उजेड रेघेच्या वर, पत्र्याच्या आढ्यापर्यंत! माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर सगळं पिवळं. मी खाली बसून बोल्ट सैल केला. ती शेजारी उभी.

"हन्या, शंतनू म्हणतो चूक त्याची."

मी म्हटलं, "नाय."

"मग?"

"गोण्या मी टाकल्याच नाहीत. मला माहीत होतं."

"ध्यानात राहिलं नाय?"

"ध्यानात होतं." मी बोल्टकडंच बघत होतो. "तो तुला हसवत होता."

मला वाटलं मुस्काटात मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

"कडुबाला दोन लेकी हायेत," ती म्हणाली. "थोरली दहावीला. कालपासून तीच दूध घालत फिरतीय, सायकलवर."

लाइट खाली घेतले. रेघेखाली चार बोटं. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा परत मोजलं. बोल्ट आवळले. ती गाडीत बसली, स्टार्टर मारला, काचेतून डोकं काढलं. मी उठून उभा राहिलो.

तिनं माझ्याकडं बघितलं नाय. पार माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली—

"उस्ताद, झालं का? जाऊ?"

१७ डिसेंबर, बुधवार

पहाटे कडुबाच्या घरी गेलो. महिनाभर दूध मी घालतो म्हटलं. त्याच्या बायकोनं कॅन दिले, पाणी नाय विचारलं. बरोबर आहे.

दुपारी तो पहिला व्हिडिओ लावला. दोन मिनिटं दहा सेकंद गेले. ती हसली. या वेळी बंद केला नाय.

सहा मिनिटं चाळीस सेकंद. अक्षदा गाडीपुढं उभी. शंतनू विचारतो, "फॉग लाइट घेताना काय बघायचं, सांगशील?" ती म्हणते, "लाइट कोणताबी घ्या हो. बसवणारा आमच्या हन्यासारखा बघा. त्यानं 'जा' म्हटलं की मी डोळे झाकून निघते."

तिच्या मागं मी दिसतो. पाठ फिरवून, फ्यूजचा डबा आवरताना.