पारडाचा चीक

आई, तुला पणती झाली. परवा सकाळी. जावई पहिल्या पाळीवरून ग्रीसच्या हातांनीच दवाखान्यात धावत आले, तर नर्सनं बाळाआधी साबण दाखवला. जावळ इतकं दाट की मी तिथंच हसत सुटले. नाक मात्र तुझं, बसकं. राग मानू नकोस. मी दुसरीपर्यंतच शिकलेली, अक्षर वाकडंतिकडंच आहे.

सांगायचं निराळंच होतं. मी आपल्या रीतीप्रमाणं मध आणि कापसाचा बोळा घेऊन गेले होते. पोरीनं बाटली माझ्याच पिशवीत परत ठेवली आणि बाळाला छातीशी घेतलं. पिवळा, घट्ट चीक. मी म्हटलं, अगं, तीन दिवस थांब, पोटाला जड जाईल. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे ना, दिवसभर काचेवर थेंब घेऊन दुर्बिणीत बघते. तिनं मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. "आपल्या रक्तात काही पेशी असतात, आई. रोग आला की त्याच्याशी लढायचं औषध त्या स्वतःच करतात. हिच्याही रक्तात आहेत, पण अजून कच्च्या, शिकायच्यात. तोवर हिला माझंच औषध पुरवायचं. थोडं पोटात असताना दिलं, थोडं ह्या चिकातून."

मी मान हलवते आहे आणि डोळ्यांपुढं आपला गोठा. म्हैस व्यायली आहे, घरादाराला खरवस हवाय, आणि तू रिकामं भांडं काखेत दाबून आडवी उभी. "आधी पारडाला. त्याचं पोट भरू द्या, नायतर ते हाती लागायचं नाय." शाळेचं तोंड न बघता तुला हे ठाऊक होतं. आणि त्याच गोठ्याच्या भिंतीपलीकडं मी, पहिलटकरीण. माझ्या लेकाला तीन दिवस बोळ्यानं मध आणि गुळाचं पाणी, आणि माझा चीक वाटीत पिळून सीताफळाच्या बुडाशी. पाचवी पुजली. सातव्या दिवशी त्याला हगवण लागली. नवव्या दिवशी बैलगाडीतून वणीला नेत होतो, अर्ध्या वाटेत तू त्याच्या तोंडावर पदर ओढलास. बारशाचं टोपडं तुझंच शिवून झालं होतं.

पोरीला विचारलं, तेवढ्यानंच गेला असेल का गं? ती म्हणाली, "कोण सांगणार? पाजून सुद्धा गेला असता कदाचित." मन राखून बोलते ती.

सगळ्यांना मी एकच सांगत आले, आमच्या आईनं चीक ओतायला लावला. तू शेवटच्या दुखण्यात सातपूरच्या आमच्या खोलीत होतीस, तेव्हाही चहाची बशी तुझ्यापुढं सरकवायचे आणि पाठ फिरवायचे. तू कधी काही बोलली नाहीस.

दोनच दिवस तुझ्या सांगण्यावरून ओतला, आई. तिसऱ्या दिवशी तो रडायचा थांबेना, तेव्हा तू दारात आलीस. "पाज की बाय. पारडाला देतो आपण, मग ह्यालाच का नाय?" मीच म्हणाले, सासरी कळलं तर काय म्हणतील, आणि उठून वाटी ओतून आले.

काल पोरीनं विचारलं, कुणी ओतायला लावला होता गं? मी तुझंच नाव सांगितलं.