साहेबांना एकटं राहायला शिकवताना

४ तारीख, सोमवार
वही आणून आठवडा झाला, लिहायचं राहून गेलं. आधी पेन सापडेना. सापडलं त्या खणात एक जुनी दुर्बीण निघाली, दोन दिवस तिच्यात गेले. असो. आजपासून पद्धतशीर.

विषय : साहेब. बाबांचा कुत्रा. बाबा त्याला अहोजाहो करायचे, म्हणून मलाही करावं लागतं. बाबा जाऊन तीन आठवडे झाले. घरात आता आम्ही दोघंच. मी बाहेर पडलो की साहेब रडतात. खालच्या मजल्यावरचा टेलर म्हणाला, कुत्र्यासारखं रडलं तर हरकत नाही, हे माणसासारखं रडतं, माझी मापं चुकतात.

ताई रविवारी येणार. तोवर साहेब चार तास एकटे राहायला शिकले तर राहतील माझ्यापाशी. नाहीतर ती त्यांना शहराबाहेर कुत्री ठेवतात तिथे पाठवणार. पत्र्याच्या खोल्या, एकेका खोलीत एकेक. मी म्हटलं, चार दिवस पुरे.

५, मंगळवार
युक्ती सापडली. दुपारी साहेबांना डुलकी लागली की सटकायचं. चपला हातात. दार नुसतं ओढून घ्यायचं, कारण कडी वाजते. असलं निसटणं मला उपजत येतं. जिन्यात बारा मिनिटं उभा राहिलो. आत चिडीचूप. रिझल्ट उत्तम.

आत गेलो तर साहेब दारातच. भुंकले नाहीत. माझ्या मागे जिन्यात आणखी कुणी आहे का, ते बघत होते.

६, बुधवार
साहेबांनी दुपारची झोप सोडली. डोळे मिटत आले की दचकून उघडतात. वर माझ्याकडे असं बघतात, जसं मीच काही केलंय.

बाबांची खुर्ची ऐन वाटेत, दाराकडे तोंड करून. अडखळायला होतं म्हणून खिडकीपाशी नेली. लाकडी जमिनीत तिच्या पायांचे चार खळगे पडलेत. साहेब उठले आणि बरोबर त्या चार खळग्यांच्या मध्ये जाऊन बसले. मी स्वयंपाकघरात होतो तेव्हा बाहेर कुणीतरी खाकरलं. साहेबच असणार. कुत्री खाकरतात का, कुणाला तरी विचारायला हवं.

७, गुरुवार
ताईचा फोन. ट्रेनिंगची युक्ती सांगितली. ती म्हणाली, "तूही असाच गेलास. दुपारी, बाबा झोपलेले असताना. त्यानंतर चार वर्षं दुपारचे झोपले नाहीत रे ते. दारासमोर खुर्ची टाकून बसायचे."

नोंद : ताईला मुद्द्यावर राहता येत नाही. प्रश्न कुत्र्याचा आहे.

मलाही दुपारी झोप लागत नाही. डास फार झालेत.

८, शुक्रवार
नवा प्लॅन. साहेबांना समोर बसवून सरळ सांगायचं, येतो म्हणून. बसवलं. त्यांच्या वाटीत पाणी ओतलं. मग गळ्यातला पट्टा नीट केला. शेवटी न बोलताच निघालो. दहा मिनिटांत परतणार होतो, पण कोपऱ्यावर क्रेन लागलेली, दोन तास बघण्यात गेले.

परतलो तर टेलर मशीन सोडून आमच्या दाराबाहेर पायरीवर बसलेला, दाराशी बोलत. मी विचारलं, फार रडले का? तो म्हणाला, "आज रडत नव्हते बाबा. हाका मारत होते."

टेलरसुद्धा आता अहोजाहो करायला लागला.

९, शनिवार, दुपारी दोन
बस स्टँड. गैरसमज नको, हे पळून जाणं नव्हे. ट्रेनिंगचा शेवटचा टप्पा आहे : दीर्घ गैरहजेरी. ताई उद्या येतेच आहे. तिकीट एका बाजूचं काढलं, कारण परत कधी यायचं ते साहेबांच्या प्रगतीवर ठरेल. दीड वाजता त्यांची मान कलली. तीन दिवसांची झोप होती ती. चपला हातात, दार नुसतं ओढलं.

आता बरं वाटतंय. वाटेल.

२.२०
गाडी सुटायची वेळ होऊन गेली. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलाय. कंडक्टर सीटासीटांवर विचारतोय, गाडीपुढे बसलंय ते कुत्रं कुणाचं. कुणीच काही बोलत नाही. मीही नाही. मी खाली मान घालून लिहितोय.

२.२४
कंडक्टरने दार उघडलं. साहेब आत आलेत. माझ्या दोन्ही पायांवर बसलेत, सगळं वजन टाकून.