टमाटर एवढेच असतात

प्रिय ताई,

आणि परत सांगतो, त्या टमाटरांना कुठला रोगबिग लागलेला नाही. परवा फोनवर हेच सांगत होतो तर तू शाळेची घंटा झाली म्हणून फोन ठेवलास. रविवारी कुठली गं शाळा? म्हणून चिठ्ठी लिहितोय. चिठ्ठी मधेच कापता येत नाही. आणि तो लाल पेन आधी खाली ठेव. ऱ्हस्व-दीर्घ चुकणारच, नववीपर्यंतची गाडी आहे ही, तुला काय नवीन आहे?

तुझं म्हणणं, झाड खुरटलं. पेंड भिजवून घातली, शेणखत घातलं, ताकाचं पाणी घातलं, तरी टमाटर बोराएवढाच. या रविवारी उपटून गिल्या कचऱ्याच्या, म्हणजे ओल्याच्या, गाडीत देऊन टाकते म्हणालीस. खबरदार. ते वाढायचे राहिलेत असं नाही, ते वाढून झालेत. ती जातच तेवढी असते.

हसू नकोस, मी पण फसलो होतो. कोचीच्या या हॉटेलात नवीन लागलो तेव्हा भाजीच्या गाडीतून डबे उतरवत होतो, बघतो तर सगळे टमाटर खेळायच्या कंच्यांएवढे, गोट्याच जशा. मला वाटलं यांना कोणी चुना लावला. मी आपल्या इंदौरी तोऱ्यात ड्रायव्हरला धरलं, की भिया, ही बच्चापार्टी कशाला तोडून आणलीस, मोठे तर होऊ द्यायचे न. त्याला हिंदी येईना, मला मल्याळम. दोघंही जोरात. शेवटी शेफ बाहेर आला, एक टमाटर माझ्या तोंडात कोंबला आणि आत गेला. चावला तर काय सांगू, आंबटगोड, एकदम भरलेला, पूर्ण टमाटर होता तो. त्या दिवशी चार-पाच पिळून बिया काढल्या आणि वाळवून तुला पाठवल्या. कशात वाळवल्या ते आता सांगूनच टाकतो, तू कूरियर केलेल्या दहावीच्या गाईडात. बीजगणिताची पानं पाणी चांगलं शोषतात.

आता तू काय केलंस ते ऐक. आई आठवते का, मागच्या अंगणात दुधीच्या वेलावर दोनच ठेवायची, बाकीचे बोटभर असतानाच खुडून टाकायची, म्हणजे उरलेले मोठे होतील? तू तेच केलंस. प्रत्येक घोसातले अर्धे हिरवे खुडून फेकलेस. उरलेले लाल झाले तरी तोडत नाहीस, अजून वाढायचेत म्हणून. मग ते वाट बघून बघून फुटतात, खारी येऊन अर्धे खातात, आणि तू त्या फुटक्याचा फोटो काढून मला पाठवतेस, बघ तुझं बियाणं. एक तरी खाल्लास का गं? वसुधाकाकूंनी खाल्ले. वर कपडे वाळत घालायला आल्या की चार-पाच ओच्यात टाकून नेतात आणि पोह्यांवर चिरून घालतात. घरमालकीण आहेत, गच्ची त्यांचीच, त्यांना कोण विचारणार? फोनवर मला म्हणाल्या, "यतीन, तुझे टमाटर फर्स्टक्लास आहेत, तुझी ताईच कुंडीसमोर पट्टी घेऊन बसते."

काकूंनी अजून पण पुष्कळ सांगितलं. त्यांच्यावर भडकू नकोस, मीच विचारलं. फोटोत टमाटरांना बांबू बांधलेले दिसले. सगळे एका उंचीचे, वर सुतळीच्या गाठी एकसारख्या. तू बांधलेली गाठ मी ओळखतो, माझ्या बुटाच्या लेसची कधी सुटली नाही आणि कधी सरळ पण बसली नाही. म्हणून विचारलं की बांबू कोणी बांधले. तर कळलं, विक्रांतजींनी. विजय नगरहून स्कूटरवर बांबू आडवे धरून आपल्या बडा गणपतीपर्यंत आले म्हणे, रस्ताभर लोकांच्या शिव्या खात. हा माणूस तोच न, जो आपल्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा पोह्यांवरची सेव बाजूला काढून ठेवत होता? पुण्याचा आहे, माफ केलं. पण ट्रॅफिकमध्ये कोणाच्या कुंड्यांसाठी बांबू आणणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

आणि हे पण कळलं की त्यांनी तुला लग्नाचं विचारलंय. ऑफिसला याच महिन्यात सांगायचंय त्यांना, इंदौरला कायम राहायचं की पुण्याला परत जायचं. आणि तू काय सांगितलंस तर, "यतीन दहावी होऊ दे, मग बघू." वा गं वा. आईच्या तेराव्याला सगळ्या आत्या-मावश्यांसमोर जे बोललीस तेच अजून चाललंय. तेव्हा मी हाफ पॅंटमध्ये होतो ताई. आता दाढी करतो.

मला राग कशाचा आला सांगू? तू लग्न केलं नाहीस याचा नाही. ते तुझं तू बघ. पण प्रत्येक वेळी माझं नाव पुढे करतेस याचा आला. मी कोणाच्या लग्नातला अडथळा म्हणून नाही जगणार. दरवर्षी तू ओपन स्कूलचा फॉर्म भरतेस, गाईड पाठवतेस, मी नापास होतो, तू परत भरतेस. या वर्षी मी परीक्षेला बसणार नाही. पुढच्या वर्षी पण नाही. कधीच नाही. मला ते येत नाही आणि खरं सांगू, आवडत पण नाही. सांवेर रोडला नमकीन पॅक केलं, विजय नगरला मोबाइलच्या काचा बदलल्या, कुठे टिकलो नाही, मान्य. इथे टिकेन याची पण गॅरंटी देत नाही, बोर झालो तर बॅग उचलून पुढे जाईन. पण दोन वेळा जेवतो, कोणाचं खात नाही, शेफ आता सकाळची भाजी मला एकट्याला सोपवतो, आणि संध्याकाळी समुद्रावर जाऊन शिट्ट्या मारतो. यापेक्षा मोठा मी होणार नाही ताई. कितीही पेंड घाल. मी एवढाच आहे आणि पिकून बसलोय. तू मात्र गच्चीत उभी राहून वाट बघतेस, आणि त्या नादात तुझेच दिवस खारी खाऊन जातायत.

म्हणून चिठ्ठी लिहिली, टमाटरांसाठी नाही. म्हणजे, टमाटरांसाठी पण. रविवारी झाड उपटायचं नाही. लाल दिसतील तेवढे सगळे तोडायचे, विक्रांतजींना पोह्यांना बोलवायचं, सेव त्यांच्या प्लेटमध्ये आपण होऊन घालायची आणि हो म्हणायचं. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, पण माझं नाव न घेता. मी मधून बाजूला झालो. तारीख ठरली की फक्त एक फोन कर, शेफने सुट्टी दिली नाही तर नोकरी सोडून येईन. नवरदेवाचा कान पिळायचा मान बायकोच्या भावाचा असतो, आणि त्याला दहावीचं मार्कशीट लागत नाही. चांगला लाल होईपर्यंत पिळणार आहे, सांगून ठेव त्यांना.

तुझाच, आणि एवढाच,
यतीन

ता. क. माहेश्वरी साडीचे पैसे वसुधाकाकूंच्या खात्यात टाकलेत, तुझ्या नाही, कारण तू परत पाठवतेस. रंग तू निवड, दुकानात काकू येतील आणि पैसे त्याच देतील. नऊ हजार रुपये.