घाऱ्या डोळ्यांचा शिवराम

१७ फेब्रु., मंगळ
घ्या, शेवटी आईचंच खरं झालं म्हणायचं! मी पुण्याला निघालो तेव्हापासून तिचं एकच, घाऱ्या डोळ्याच्या माणसाशेजारी बसू नको, तो चोरच असतो. आणि मी मंडईत शिवरामबरोबर एका गाळ्यावर लसूण विकतो, एका ताटात जेवतो. आज विक्रीचे चारशे गेले. गाळ्याचे मालक अण्णा, त्यांनी विचारलं, कोणावर संशय? मी फक्त शिवरामच्या डोळ्यांकडं बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

१८ फेब्रु.
शि.ला काढला. अण्णा म्हणाले, "अहो घारोपंत, उद्यापासून येण्याची तसदी घेऊ नये आपण." लोक हसले. मी पण. शि. मला म्हणाला, "तू तरी सांग की रे. दुपारभर तुझ्यासमोरच पोती उतरवत हुतो." खरं होतं. सांगितलं नाही.

२१ फेब्रु., शनि
बारदानवाला आला. त्याला रिकामी पोती मोजून द्यायची. मंगळवारचा गठ्ठा मीच बांधलेला. सोडला, तर एका पोत्यात नोटांची सुरळी. गर्दीत नोटा मांडीखालच्या पोत्याच्या घडीत सारतो मी, रोजच. त्या दिवशी ते पोतंच गठ्ठ्यात बांधलं...
अण्णांना दिले. म्हणालो, चूक माझी, शिवरामला बोलवा.
अण्णा नोटा मोजत, "मिळाले ना? झालं तर. आज नाही, उद्या घेतले असते. डोळे बघितलेस का त्याचे?"
बघितले होते. आठ महिने. भाकरीचा मोठा तुकडा माझ्याकडं सारायचा, तेव्हा पण.

२५ फेब्रु.
गाळ्यागाळ्यावर सांगत सुटलोय, पैसे माझ्याच पोत्यात होते. ऐकतात, आणि म्हणतात, तरी घाराच तो.
शेजारच्या गाळ्यावरच्या सखूमावशी म्हणाल्या, "कुणी कामाला उभं करीना, म्हणून बिबवेवाडीची खोली सोडून गावाला गेला. मुलगी झालीय. तिचे डोळे पण तसलेच हायत, म्हणून रडत हुता बघ."


२ मार्च, सोम
पगार झाला. मावशींकडून शि.च्या गावाचा पत्ता घेतला. दर महिन्याला आईला पाठवतो तेवढेच त्याला. तिला ह्या खेपेला काही नाही. का ते कळवीन, ती चिडंल. चिडू दे.
मनिऑर्डरच्या फॉर्मवर खाली चार ओळी लिहायला जागा असती. 'परत ये' लिहिलं. पण कुठं ये? इथं अण्णा, इथं सगळे तेच. खोडलं. दुसरा फॉर्म घेतला, जागा कोरीच ठेवली. त्यानं घेतले नाहीत तर माझ्याच नावावर परत येतील.
शिवरामला रु. १२०.