रेणू एकटी येणार आहे

सौ. बानाबाईंस सप्रेम नमस्कार.

तुम्ही मेंढरांमागं रानोमाळ फिरता, म्हणून बालकल्याण समितीनं तुमची रेणू मला सांभाळायला दिली. ती आता अठराची झाली. मी तिला गाडी शिकवते. शिकवते म्हणजे ती चालवते आणि मी शेजारी डोळे मिटून रामरक्षा म्हणते.

"मावशी, डोळे उघडा की! शिकवताय का जपताय?"

काल वेरूळच्या रस्त्यावर मेंढरं आडवी आली. रेणू गाडी थांबवून उतरली आणि हाळी देत कळपात शिरली. मेंढरांमागच्या बाईनं विचारलं, "कोन्हाची गं तू?" रेणूचं उत्तर मला ऐकू आलं नाही. ती कळपातून पुढं पुढं जात राहिली. जन्मभर संस्कृतच्या वर्गात 'गच्छति', म्हणजे 'जाते', घोकून घेतलं. तिचं जाणं मात्र बघवेना.

ती परत आली, गाडी सुरू केली आणि म्हणाली, "लायसन आलं की मी एकटीच आईकडं जाणार."

ती येईल. गाडी छान चालवते, रस्त्याची काळजी नाही. तिला पोटभर जेवू घाला आणि उजेड आहे तोवर परत पाठवा.

'परत' म्हणायचा मला आता काय हक्क? म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही.

तुमच्या लेकीची मावशी,
मंदाकिनी